जिभेवरची साखर, रक्तातली साखर

(निलंगा येथील आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच मेळाव्यात मी तुम्हांला गुडमारची पानं चघळायला दिली होती आणि वर गुळाचा खडा. आठवतं ना? गूळ मातीसारखा लागला, सगळे हसले. याला मधुनाशिनीही म्हणतात, हे मी मोठ्या हौसेनं सांगितलं. तांड्यावरच्या एका मावशींनी ते मनावर घेतलं. जिभेवरचा गोडवा मेला म्हणजे रक्तातली साखरही मेली, असं समजून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि रोज पाल्याचा रस घेऊ लागल्या. चार महिन्यांनी पायाची जखम चिघळली. तपासलं तर साखर चारशेच्या पुढं. पाय वाचला, एक बोट गेलं. मावशींनी मला बोल लावला नाही; पण चूक माझी होती. अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं आज सांगतो.

पाला खोटा नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि येशूसंघाचे फादर कायस यांनी त्याचा अभ्यास करून १९३० साली प्रसिद्ध केला. पानातली द्रव्यं जिभेची गोड ओळखण्याची शक्ती थोडा वेळ अडवतात, मग ती परत येते. रक्तातली साखर मात्र जिभेला कधीच कळत नाही. ती बोटाला सुई टोचूनच कळते.

१९९० साली मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना दीड वर्षाहून अधिक काळ रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. लोक एवढंच ऐकतात! पण अर्क मोजलेला होता, सुरुवातीला सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या, आणि बाकीच्या सतरा जणांच्या सुटल्या नाहीत. आपल्या मूठभर पाल्यात किती अर्क, हे कोण मोजतं?

तुमच्या पुडीतली मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा मूळ एका झाडाच्याच अभ्यासातून आली. युरोपातलं गॅलेगा. त्यातलं द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच्या जातीचं सौम्य औषध रुग्णांना दिल्याचा अनुभव पॅरिसच्या डॉ. स्टर्न यांनी १९५७ साली मांडला.

पाला घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी किंवा इन्सुलिनच्या जोडीला पाला घेतला तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखरपाणी प्या. तोंडात पाल्याचा रस असेल तर ते गोड लागणार नाही, तरी प्या.

यंत्र टेबलावर ठेवलंय. उपाशीपोटी आलेल्यांनी आधी पुढं यावं.