अंगावर काढू नका



मी सातवी शिकलेली गृहिणी. पण विषय आपणा सर्वांचा आहे. खोकताना, हसताना, कळशी उचलताना लघवीचे थेंब गळतात, म्हणून कित्येक जणी हळदीकुंकवाला येत नाहीत, नाथषष्ठीला पैठणच्या एस.टी.त बसत नाहीत. हा बाईच्या जन्माचा भोग नव्हे. आजार आहे, आणि त्याला उपाय आहे.

बाळंतपणांनी, तसेच पाळी गेल्यावर, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. त्यासाठी केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली व्यायाम सांगितला. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळावे, सोडावे. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मात्र लघवी करता करता ती अडवू नये.

काहींना एकाएकी घाई होते, मोरीपर्यंत पोचवत नाही. तो दोष निराळा. तेथे दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवावे; औषधेही आहेत. पाणी पिणे तोडू नये. जळजळ झाली, रक्त दिसले तर लगेच डॉक्टर गाठावा. आपल्या घाटी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे.

सासूने सुनेला आणि सुनेने सासूला एवढे आपुलकीने विचारावे, ही विनंती.