हसण्यावारी नेऊ नका
(बीड येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



हुंडा, मारहाण, मजुरी हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज मी टीव्हीवरच्या विनोदाबद्दल बोलणार आहे. काहींना हा विषय हलका वाटेल, म्हणून आधी एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गावात बचत गटाची बैठक संपल्यावर ऊसतोडीला जाणारी एक बाई मागे थांबली. म्हणाली, "ताई, लेकरू साळंत जायना. पोरं त्याला गुत्थी म्हणून चिडवतेत." गुत्थी म्हणजे २०१३ साली सुरू झालेल्या 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल'मध्ये सुनील ग्रोव्हर यांनी रंगवलेली बाई. मुलगा चौदा वर्षांचा, आवाज बारीक, चाल नाजूक. त्या हंगामात तो वसतिगृहात राहिला नाही, आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेला. पुन्हा शाळेत आलाच नाही. खरे सांगते, तो कार्यक्रम मीही खळखळून हसत पाहिला होता.

तो मुलगा समलिंगी आहे की नाही, मला माहीत नाही. पण अशा विनोदातून आपण दोन गोष्टी शिकतो: बायकी पुरुष म्हणजे समलिंगी, आणि समलिंगी म्हणजे हसण्याची वस्तू. दोन्ही खोट्या आहेत. समलिंगी स्त्री तर या विनोदात जवळजवळ नसतेच.

हे टीव्हीनेच सुरू केले असे नाही. तमाशापटांत गणपत पाटील यांनी नाच्या रंगवला. ते संसारी गृहस्थ, पण लोकांनी त्यांना पडद्याबाहेरही तसेच समजून हिणवले. टीव्हीने तोच विनोद रोज रात्री घरात आणला.

यात आपलाही प्रश्न आहे. पुरुषाने साडी नेसली की हशा का पिकतो? बाईसारखे होणे म्हणजे खाली उतरणे, असे आपल्या मनात रुजलेले आहे म्हणून. शिवाय लोक हसतील या भीतीने घरचे समलिंगी मुलाचे घाईने लग्न लावतात. मग मूल होत नाही म्हणून बोल लागतो तो सुनेला.

विनोद वेगळाही असू शकतो. अमेरिकेत १९९७ साली 'एलन' या विनोदी मालिकेच्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. १९९८ साली 'विल अँड ग्रेस' आली. तिच्यातल्या समलिंगी नायकाला घर होते, नोकरी होती, जिवाभावाची मैत्रीण होती. लोकांना समज देण्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे, असे २०१२ साली तिथले तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन म्हणाले होते.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. पण घरातले हसणे न्यायालय थांबवू शकत नाही. ते काम आपले आहे.

बैठकीत टीव्हीवरचा एखादा प्रसंग घ्या आणि एकमेकींना विचारा, हसू नेमके कशाचे आले? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तिथे चिडवण्याचा प्रश्न मांडा.

त्या दिवशी मी त्या आईला एवढेच म्हणाले होते, "दुर्लक्ष करा." तुमच्याकडे अशी आई आली, तर तिला असे सांगून परत पाठवू नका.