सर्वांत मोलाचा खेळाडू कोणता?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत क्रिकेटवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण आमचे आयुष्य मोजमापात गेले आहे. हजार विड्यांमागे दर किती, त्यांतून छाट म्हणून किती बाजूला काढल्या, हा आमचा नित्याचा हिशेब. कोणाचे काम कोणाच्या नावावर मांडायचे हा प्रश्न मजुरीत आहे, तसाच खेळातही आहे.

आपल्या विदर्भाने २०२४-२५ साली रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. नागपूरजवळ जामठ्याला केरळशी झालेला अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७९ विरुद्ध ३४२ या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला. त्या हंगामात यश राठोडने ९६० धावा केल्या, करुण नायरने ८६३. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, शिवाय ४७६ धावा काढल्या. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान दुबेला मिळाला. चहाच्या टपरीवर त्यावरून वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. धावा आणि बळी एका तराजूत कसे घालायचे?

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी याची एक रीत काढली आहे. खेळाडूने किती केले एवढेच न पाहता, त्याच्या जागी सहज मिळणारा साधारण खेळाडू उभा केला असता तर किती कमी झाले असते, हे ते काढतात. तोच हिशेब इथे करून पाहू. समजा, साधारण फलंदाज डावाला ३० धावा करतो आणि साधारण गोलंदाज एका बळीसाठी २८ धावा देतो. हे दोन आकडे आम्ही केवळ सोयीसाठी धरले आहेत. ज्याला पटणार नाहीत त्याने आपले घालावेत. राठोडची सरासरी ५३ च्या वर, डाव १८. म्हणजे साधारणाहून सव्वाचारशेच्या आसपास धावा जास्त. नायरचे १६ डाव आणि सरासरी जवळजवळ ५४. जास्तीच्या धावा सुमारे ३८०. दुबेला एक बळी पडला सुमारे १७ धावांना. प्रत्येक बळीमागे ११ धावा वाचल्या. ६९ ने गुणा, साडेसातशेच्या वर जाते. त्याची फलंदाजी यात अजून धरलेलीच नाही! आमच्या मते मान योग्य माणसाला मिळाला.

पण हिशेब इथे मिटवला तर आम्ही सट्टेदाराचे मुनीम ठरू. आकडा कोठे आणि कोणापुढे झाला, हे विचारले पाहिजे. दुबेच्या आधी एका हंगामातील बळींचा रणजी विक्रम ६८ चा होता. तो बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ साली केला, पण दुबळ्या संघांच्या प्लेट गटात. दुबेचे ६९ तगड्या संघांपुढचे. मधले अंतर एकच बळीचे दिसते, पण मोल एकसारखे कसे म्हणावे? त्याहून जुने उदाहरण कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, आणि प्रतिपक्षाने पुढे खेळायचेच नाकारले. ब्रॅडमनच्या ४५२ पासून निंबाळकर नऊ धावा दूर राहिले. निंबाळकर थोर फलंदाज होते यात शंका नाही. परंतु ज्या गोलंदाजीने चार गड्यांत आठशेवर धावा दिल्या, तिचाही वाटा त्या ४४३ त मोजावा लागेल.

आमच्या भंडारा-गोंदियाच्या विडी कामगार भगिनींना हे समजावून सांगावे लागत नाही. एकीला चांगला तेंदूपत्ता मिळाला, दुसरीला फाटका, भोके पडलेला. पहिलीच्या विड्या जास्त भरतात, आणि मुनीम म्हणतो, हिचा हात चांगला. शिवाय कार्डावर नाव एकीचे. घरात पत्ता कापणारी वेगळी, दोरा बांधणारी वेगळी. त्यांचा रकानाच नाही. आम्ही उत्पादनावरील बोनसच्या वाटाघाटींना बसतो तेव्हा पहिला प्रश्न हाच करतो की पत्ता कोणी वाटला. आकड्यांना आमचा विरोध नाही. अर्धवट आकड्यांना आहे.

बेसबॉलमध्ये २०१२ साली याच मुद्द्यावर मोठे रण माजले. मिगेल काब्रेराने फटकेबाजीतील तिन्ही मुख्य मान एकाच हंगामात मिळवले. १९६७ नंतर ते कोणाला साधले नव्हते. दुसरीकडे वीस वर्षांचा माइक ट्राउट. त्याचे धावणे, त्याची मैदान राखणी, हे सगळे धरले तर नव्या गणितात तो पुढे होता. मते पडली, आणि २८ पैकी २२ जणांनी काब्रेराला पहिले स्थान दिले. जे डोळ्यांत भरते त्याला मत मिळते, हा अनुभव युनियनच्या निवडणुकीतही येतो म्हणा!

तरीही गणिताला वेळेचे मोल कळतेच असे नाही. अंतिम सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तेथून दानिश मालेवारने १५३ केल्या, आणि नायरबरोबर २१५ ची भागीदारी झाली. हंगामाच्या बेरजेत या १५३ धावा इतर १५३ सारख्याच. आघाडी मात्र फक्त ३७ धावांची होती, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या. तो ३१ वर असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला होता. धावफलकात १३५ लिहिले आहेत, सुटलेला झेल कोठेच नाही. बेसबॉलच्या वहीत क्षेत्ररक्षकाच्या चुकीला फार पूर्वीपासून स्वतंत्र रकाना आहे. म्हणून आमची एक मागणी आहे, आणि ती आपल्या तालुक्यातील सामन्यांत धावा लिहायला बसणाऱ्या मुलांकडे आहे. वहीत आणखी एक रकाना आखा. झेल कोणी सोडला, गोलंदाज कोण होता, आणि फलंदाज तेव्हा किती धावांवर होता, एवढे त्यात लिहा.