ओटल्यावर कोण बसते? : शहर आणि सुख

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



अकादमीचे पत्र आले तेव्हा विषय वाचून मी थोडी बिचकले. काही शहरे इतरांपेक्षा अधिक सुखी का असतात, हा प्रश्न नगररचनाकाराला किंवा अर्थशास्त्रज्ञाला विचारावा. मी साहित्य शिकवणारी बाई. पण नंतर वाटले, शहरात माणसे कशी राहतात हे कथा-कादंबऱ्यांनीच आपल्याला जवळून दाखवले आहे. शिवाय आपण अशा राज्यात राहतो जिथे २०१६ साली सरकारने चक्क आनंद विभाग सुरू केला. देशात असा विभाग प्रथम इथे झाला. तेव्हा मध्य प्रदेशात राहून या विषयावर बोलायला नको म्हणणे बरे दिसले नसते.

सुख मोजायची एक रीत जगात रूढ झाली आहे. २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल निघतो. त्यात माणसाला एका शिडीची कल्पना करायला सांगतात. खालची पायरी शून्य, वरची दहा. तुमचे आयुष्य आज कितव्या पायरीवर आहे? २०१८ पासून वर्षानुवर्षे फिनलंड या यादीत पहिला येत राहिला आहे. अहवाल उत्पन्न बघतो, आरोग्य बघतो, भ्रष्टाचार बघतो. पण त्यातला एक प्रश्न मला फार आपला वाटतो. अडचणीच्या वेळी ज्याला हाक मारावी असे तुम्हाला कोणी आहे का? हा प्रश्न मी माझ्या घरापासून सुरू करते.

आमचे जुने घर रामबागेत होते. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटला. पुण्याकडे ज्याला ओटा म्हणतील त्याला आपण इंदूरवाले ओटला म्हणतो आणि आपलेच बरोबर आहे असे मानतो. त्या ओटल्यावर आई भाजी निवडायची, वडील संध्याकाळी ‘नई दुनिया’ वाचायचे. येणारा-जाणारा टेकायचा. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या घरी रात्री डॉक्टर आले, हे आम्हाला ओटल्यावर कळे. घरात जागा नव्हती, पाणी दिवसाआड येई. मी कॉलेजात नोकरीला लागल्यावर पुढे बायपासच्या बाजूला फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, बाग आहे, फाटकावर चौकीदार आहे. वडील गेल्यावर आईला तिकडे घेऊन आले. सहा महिन्यांनी मी तिला विचारले, ‘आई, करमते ना?’ ती म्हणाली, ‘अगं, सगळे छान आहे. फक्त इथे कोणी चुकून येत नाही.’

तिचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे माणसे येतात, नाही असे नाही. फोन करून येतात, चौकीदाराच्या वहीत नाव लिहून येतात, वाढदिवसाला येतात. पण कोथिंबीर मागायला आलेली आणि तासभर बसलेली बाई येत नाही. चालता चालता थांबलेला माणूस येत नाही. आईने ज्याला चुकून येणे म्हटले, ते या फ्लॅटच्या रचनेत बसवलेलेच नाही.

हे केवळ म्हातारपणाचे हळवेपण नाही, हे मला पुढे एका अभ्यासात सापडले. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली. रस्ते सारखेच, फरक फक्त रहदारीचा. पहिल्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, तिसऱ्यावर सुमारे १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. भरधाव रस्त्यावर राहणाऱ्याला एकही पुरता नव्हता. १९८१ साली त्याचे ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ हे पुस्तक निघाले. गाड्या वाढल्या तशी माणसे आधी पायरीवर बसेनाशी झाली, मग पुढच्या खोलीत बसेनाशी झाली. ओटला असा हळूहळू जातो. तो कोणी पाडावा लागत नाही.

इथपर्यंत माझे भाषण तुम्हाला गोड लागले असेल. जुने वाडे, जुने ओटले, सराफ्यातली रात्रीची गर्दी, सकाळचे पोहे-जिलेबी. पण इथे मला थांबायला हवे, कारण साहित्याच्या अभ्यासकाने आठवणींवर सहज विश्वास ठेवू नये. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चे. त्यातली माणसे आपल्याला अजून हवीहवीशी वाटतात. त्यानंतर १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. शहर तेच, मुंबई. अंतर दोन-चार मैलांचे. आणि एका पुस्तकातल्या माणसाला दुसऱ्या पुस्तकातल्या माणसाच्या दारात पाऊल टाकता येणार नाही. तेव्हा मुंबई सुखी आहे का, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणासाठी, हे विचारल्यावर तो पुरा होतो.

याच अंगाने मला १९१७ या एका वर्षातल्या तीन गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांतल्या दोन आपल्या इंदूरच्या आहेत.

पहिली तुम्हाला ठाऊक असेल. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले, अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मराठी जगाला आपल्या घरी बोलावले. पुढे १९३५ आणि २००१ मध्येही संमेलन इथे झाले. परगावी स्थायिक झालेल्या समाजाला, आपलेही एक अंगण आहे, असे वाटणे हा सुखाचा मोठा भाग असतो.

दुसरी गोष्ट पॅट्रिक गेडिस यांची. हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ नगररचनेकडे वळला आणि तुकोजीराव होळकरांनी त्याला इंदूरसाठी बोलावले. शहर प्लेगने गांजले होते. गेडिस यांनी त्या वर्षी दिवाळीला एक मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे झाडून, डागडुजी करून, रंगवून स्वच्छ झाली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. झाले! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. गाड्याच्या गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता; शेवटी राक्षस जाळला. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या मिरवणुकीत शहरातले सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, हार घालून, सजवलेल्या गाड्यांसह चालले. ज्यांना शहर रोज पाहत होते आणि तरी पाहत नव्हते, त्यांना त्या दिवशी साऱ्या शहराने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहिले. १९१८ साली गेडिस यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. जिथे नड आहे तिथेच थोडे कापावे, बाकीचे जिवंत ठेवावे, अशी त्यांची रीत होती.

तिसरी गोष्ट बडोद्याची. सयाजीराव महाराजांचे बडोदे हे त्या काळात सुखी शहर म्हणावे असेच होते. १८७९ मध्ये सगळ्यांसाठी कमाटी बाग, १८९० मध्ये कलाभवन, १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय. या यादीत काय कमी आहे सांगा. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकून आला आणि १९१७ च्या सप्टेंबरात नोकरीवर रुजू झाला. त्या शहरात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहिला, तेथून लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्याला बाहेर काढले. दोन मित्रांकडे विचारले, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी रात्रीच्या गाडीची वाट पाहत तो कमाटी बागेत बसून राहिला. भीमराव आंबेडकर हे त्याचे नाव. जन्म आपल्या शेजारच्या महूचा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा.

मी या प्रसंगाचा खूप विचार केला आहे. बाग होती म्हणून त्यांना बसायला जागा तरी मिळाली, हेही खरे. राजाने करायचे ते बरेचसे केले होते. बाग राजा बांधू शकतो, ग्रंथालय बांधू शकतो, शिष्यवृत्ती देऊ शकतो. खोली मात्र शहरवासीयांनी द्यायची असते. अडचणीच्या वेळी हाक मारायला कोणी आहे का, या प्रश्नाचे त्या संध्याकाळचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते उत्तर दरबाराने दिलेले नव्हते.

आता पुन्हा आमच्या रामबागेच्या ओटल्याकडे येते. आमच्या गल्लीत सकाळी एक बाई झाडायला येत. त्या ओटल्यासमोर उभ्या राहत, आणि मी, सात-आठ वर्षांची मुलगी, त्यांना वेगळ्या कपात चहा द्यायची. कप वरून न टेकवता कसा ठेवायचा हे मला शिकवलेले होते. त्या कधी ओटल्यावर बसल्या नाहीत. ऊन असो, पाऊस असो. आई प्रेमळ होती, लुगडे द्यायची, दिवाळीचा फराळ द्यायची, तरी ‘बसा’ म्हणाली नाही. आज मी त्यांचे नाव आठवू लागले तर आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर विसरले असे नाही, मला ते माहीतच नव्हते. ज्या ओटल्यावर माझ्या लहानपणी कोणीही चुकून येऊन टेकत असे असे मी मघाशी म्हणाले, त्या ‘कोणीही’मध्ये त्या नव्हत्या.

२०१७ पासून स्वच्छ शहरांच्या राष्ट्रीय यादीत इंदूर वर्षामागून वर्ष पहिले आले. त्याचा मलाही अभिमान आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवायची सवय आपल्या हाडीमासी मुरली आहे. दुसऱ्या गावी गेल्यावर कागदाचा तुकडा हातात धरून आपण कचऱ्याचा डबा शोधत फिरतो. हे लहान काम नाही. पण गेडिस यांच्या मिरवणुकीला शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि आपल्या सोसायटीत रोज येणाऱ्या सफाईवाल्या ताईंचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हात वर करायला मी सांगत नाही. मनात मोजा.

शहराला आपला वाटा आहे असे माणसाला वाटणे म्हणजे काय, हे मला गिरणी कामगारांनी दाखवले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. अनेकजण तोवर हयात नव्हते. इतकी वर्षे या माणसांना शहरावर रुसायचा पुरेपूर हक्क होता. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघत राहिल्या. गिरणी बंद, पगार बंद, पण वर्गणी गोळा करून, मदत मागून त्यांनी झांकी उभी केली, आणि आपण मुलांना खांद्यावर घेऊन रात्रभर ती पाहिली. ती माणसे आनंदी होती असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे त्यांच्या हालांची थट्टा होईल. एवढेच म्हणते, की त्या एका रात्री शहराला काही द्यायची त्यांची पाळी असे, आणि ती पाळी त्यांनी सोडली नाही. माणसाला केवळ सोयी मिळाल्या म्हणजे शहर त्याचे होत नाही. त्याने काही द्यावे आणि शहराने ते घ्यावे, हेही लागते.

मित्रहो, शेवटी आपल्याविषयी. आपण मराठी माणसे इंदूरला, ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. आपली मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव, व्याख्यानमाला हेच आपले ओटले. अलीकडे आपली तक्रार असते, की नवी पिढी येत नाही, सभागृहे रिकामी राहतात. माझा एक साधा प्रश्न आहे. आपल्या कार्यक्रमाला कोणी चुकून येऊ शकते का? आमंत्रणपत्रिका नसलेला, आडनाव विचारल्यावर थोडा घुटमळणारा, मराठीत मधूनच हिंदी बोलणारा, रामबागेत न वाढलेला कोणी दारात आला, तर आपण त्याला ‘या, बसा’ म्हणतो का? माझ्या वर्गात मराठी घेणारी काही मुले अशा घरांतली आहेत जिथे मराठी आजीपुरतीच उरली आहे, आणि काही अशी, ज्यांच्या घरात ती कधीच नव्हती. ती इथे मागच्या रांगेत बसली आहेत. भाषण संपल्यावर चहा आहे. ज्येष्ठांना माझी विनंती आहे, की आज चहा घेताना आपल्या ओळखीच्या घोळक्यात उभे न राहता मागे जावे आणि एकाला तरी नाव विचारावे.

गेल्या पावसाळ्यानंतर आईने एक उद्योग केला. फ्लॅटच्या खाली, लिफ्टच्या बाहेर, तिने एक जुनी खुर्ची ठेवायला लावली आणि संध्याकाळी ती तिथे भाजी निवडत बसते. सुरुवातीला सोसायटीच्या सचिवांनी, वाट अडते, म्हणून हरकत घेतली. आता तिथे तीन खुर्च्या आहेत. जिना झाडणाऱ्या ताईंचे नाव शांता आहे, हे मला आईकडून कळले. काम झाले की त्या तिसऱ्या खुर्चीवर बसतात. परवा मी कॉलेजातून परतले, तर दोघी मेथी निवडत होत्या, आणि मला बसायला जागा नव्हती.