गाडी एकाची, भाडे दुसऱ्याचे



बोरी बुद्रुकसारख्या गावात मालवाहतुकीचा विषय काढला म्हणजे तो शहरातल्या कंपन्यांचा विषय आहे, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात तो या गावाचा रोजचा विषय आहे. कुकडीच्या पाण्यावर येथे पिकणारा कांदा, टोमॅटो आणि ऊस यांपैकी काहीच गावात खपण्यासाठी पिकत नाही. कांदा आळेफाट्याला किंवा ओतूरला जातो, टोमॅटो नारायणगावला व तेथून परप्रांतात, ऊस कारखान्यावर. उलट दिशेने खत, सिमेंट आणि पशुखाद्य येते. मुंबईला माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, तिच्यात मालाच्या किमतीतून वजा होणाऱ्या रकमांमध्ये मोटारभाड्याचा आकडा ठरलेला असतो. भाव चढला म्हणून तो वाढत नाही आणि भाव पडला म्हणून तो घटत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचा भाव असा चढला की नारायणगावच्या बाजाराचे नाव देशभर झाले. परंतु जेव्हा भाव कोसळतो, तेव्हा क्रेटमधल्या मालाची किंमत भाड्यालाही पुरत नाही आणि उभ्या वर्षाचे कष्ट रस्त्याच्या कडेला ओतले जातात. म्हणून हे भाडे कोण ठरवतो आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, तितकाच ट्रक चालवणाऱ्याचाही आहे.

या मुलखाला वाहतूक नवी नाही. जुन्नर ही सातवाहनकाळातील मोठी पेठ. कोकणातील बंदरांकडून घाटमाथ्यावर येणारा माल नाणेघाटाने चढत असे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. बोरीच्या नदीकाठी तर ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडले आहेत. ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तिच्या वयाबद्दल मात्र विद्वानांत वाद आहे. या गावात भाडे न देता आलेला एवढाच एक माल असावा.

मोटारीच्या काळाकडे वळल्यावर दोन तारखा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली १९३९. त्या वर्षीच्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींना परवाना सक्तीचा झाला. कोणत्या भागात, कोणत्या मार्गावर, किती गाड्या चालाव्यात हे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ठरवावयाचे होते. हेतू सांगितला गेला तो सुव्यवस्थेचा; रेल्वेच्या उत्पन्नाला ट्रकची झळ लागू नये, हाही हेतू त्यामागे होताच. दुसरी तारीख १ जून १९४८. त्या दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि प्रवासी वाहतूक समाजाने आपल्या अंगावर घेतली. खेड्यातील माणसाला ठरल्या वेळी, ठरल्या दराने, जातपात न पाहता गाडीत जागा मिळू लागली. त्या सार्वजनिक व्यवस्थेचे गुणदोष वेगळे. परंतु माणसासाठी जो निर्णय झाला, तो मालासाठी झाला नाही. माल बाजाराच्या स्वाधीन राहिला. एस. टी. महामंडळ मालवाहतुकीत उतरले ते २०२० मध्ये, टाळेबंदीत प्रवासी नाहीसे झाल्यावर, जुन्या बसगाड्यांचे ट्रक करून. बहात्तर वर्षांनंतर सुचलेला हा विचार तत्त्वाचा नव्हता. तो नाइलाजाचा होता.

मधल्या काळात जे घडले त्यालाच वाहतूक कंपन्यांचा इतिहास म्हणतात. १९५४ साली टेल्कोने जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास आरंभ केला आणि पुढील काही वर्षांतच मोठ्या कंपन्यांची पायाभरणी झाली. १९५८ मध्ये कलकत्त्यात ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया निघाली. १९५९ मध्ये मुंबईत असगर पटेल यांनी पटेल रोडवेज उभी केली. पुढे १९७६ मध्ये गदगला विजय संकेश्वर यांनी एका ट्रकवर आरंभ केला, तीच आजची व्ही. आर. एल. त्यांच्या खालोखाल प्रत्येक जिल्ह्यात पाच-दहा गाड्यांच्या, एकदोन मार्गांवर चालणाऱ्या लहान कंपन्या होत्या.

या कंपन्यांचे खरे भांडवल कोणते होते? ते ट्रक होते असे मानण्याची चूक अनेकदा होते. संध्याकाळी व्यापारी गोदामात माल आणी, कारकून तो तोलून घेई आणि बिल्टी फाडी. रात्री गाडी निघे, सकाळी दुसऱ्या गावच्या शाखेत ती बिल्टी दाखवून माल सुटे. भाडे येथेच चुकते झाले असेल तर ‘पेड’, माल घेणाऱ्याने द्यावयाचे असेल तर ‘टू पे’. सबंध व्यवहार त्या कागदावर आणि त्यावरील विश्वासावर उभा असे. १८६५ च्या वाहक कायद्यानुसार मालाची जोखीम वाहतूकदाराच्या माथी होती, त्यामुळे बिल्टीवर कोणाचे नाव आहे याला किंमत होती. बँकांनीही या किमतीवर शिक्कामोर्तब केले. बँकांच्या संघटनेने मान्यताप्राप्त वाहतूकदारांची यादी केली आणि त्या यादीतील कंपनीच्या बिल्टीवरच बँका व्यापाऱ्याला पैसे देऊ लागल्या. यादीत जाण्यासाठी पत हवी आणि पत वाढण्यासाठी यादीत नाव हवे! तालुक्याच्या ठिकाणी चार गाड्या चोख चालवणारा माणूस या फेऱ्यात कधीच आत शिरू शकला नाही. त्याने ट्रक आणला तरी बिल्टी दुसऱ्याचीच राहिली.

त्यातच परवान्यांची टंचाई. परवाना मर्यादित असल्यामुळे त्याला बाजारभाव आला. तो ज्याच्या नावावर, त्याची गाडी नसे आणि गाडी ज्याची, त्याच्या नावावर परवाना नसे. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना योजना आली, पण प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येचेच परवाने मिळत. या सगळ्याला समाजवाद म्हणण्याची पद्धत पुढे पडली, म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की टंचाईचे वाटप म्हणजे समाजवाद नव्हे. ज्या क्षेत्रात ना सार्वजनिक मालकी होती, ना सहकार, ना कामगारांना संरक्षण, तेथे परवान्याने फक्त जुन्यांची जागा राखली.

मग १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आला व १ जुलै १९८९ पासून लागू झाला. मालमोटारीचा परवाना जवळजवळ मागेल त्याला मिळू लागला. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर लहान वाहतूकदाराचा समावेश अग्रक्रमाच्या कर्जदारांत झालाच होता; १९७९ मध्ये निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपन्या जुन्या ट्रकलाही कर्ज देऊ लागल्या. टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ आला. खेड्यातील तरुण चालकाचा मालक झाला. ही गोष्ट लहान नव्हती आणि तिची थट्टा करू नये. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या गाडीला बैल जुंपले गेले, त्याच्या दारात स्वतःच्या नावाची गाडी उभी राहिली.

परंतु नेमके याच वेळी कंपन्यांना कळून चुकले की गाडी बाळगण्यात फायदा नाही. टायर, डिझेल, दुरुस्ती, अपघात, चालकाची रजा हे सर्व गाडीबरोबर येते. नफा येतो तो बुकिंगमधून. म्हणून अनेकांनी गाड्या कमी केल्या आणि गोदाम, शाखा व गिऱ्हाईक तेवढे हाती ठेवले. लागेल तेव्हा बाजारातून गाडी भाड्याने घ्यावी, हा रिवाज झाला. मालकी विकेंद्रित झाली आणि सत्ता अधिकच केंद्रित झाली. व्ही. आर. एल. हा याला ठळक अपवाद. स्वतःच्या गाड्यांचा मोठा ताफा व स्वतःचे वर्कशॉप राखून ती वाढली आणि २०१५ मध्ये शेअरबाजारात गेली. ज्याच्यापाशी गाडी आणि बिल्टी दोन्ही आहेत तो टिकतो, एवढेच या अपवादावरून दिसते. तालुक्यातील एका गाडीच्या मालकापाशी दोहोंपैकी एकच असते, आणि तेही हप्त्यावर.

नव्या शतकात मोठ्यांचीही उलथापालथ झाली. ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या घरातून १९८९ मध्ये निघालेल्या ‘गती’चा ताबा २०२० मध्ये ऑलकार्गोकडे गेला. मधल्या फळीतील प्रादेशिक कंपन्यांची कोंडी मात्र अधिक कठीण आहे. १९९९ मध्ये महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात गेली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येऊन मुंबईचीही गेली. नाक्यांवरचा खोळंबा संपला, हे चांगलेच झाले. पण कर वाचवण्यासाठी गावोगाव गोदाम ठेवण्याचे कारणही त्याबरोबर संपले. माल भिवंडी, चाकण येथील प्रचंड गोदामांत एकवटला. तेथून तो नेण्याचे ठेके निविदेने निघतात आणि भाड्याचे पैसे दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी मिळतात. डिझेल मात्र पंपावर रोखीने भरावे लागते. २०१४ च्या ऑक्टोबरपासून त्याच्या दरावरील सरकारी नियंत्रणही उठले आहे. तीन महिने उधार राहण्याची ऐपत ज्याच्यात नाही, तो ठेकेदाराचा पोटठेकेदार होतो आणि त्याच्याही खाली एक गाडीवाला असतो.

त्या एका गाडीवाल्याचा हिशेब पाहावा. १९८१ मध्ये कांदाबटाट्याचा आणि १९९६ मध्ये भाजीपाल्याचा घाऊक बाजार मुंबई शहरातून वाशीला गेला. आळेफाट्याहून माळशेजमार्गे असो की नारायणगावहून पुण्याच्या अंगाने असो, नाशिवंत माल भरला म्हणजे रात्रीत पोचलाच पाहिजे. पावसाळ्यात माळशेजला दरड आली तर उशिराचा ठपका गाडीवर. उलट फेरीचा माल मिळाला तर कमाई, न मिळाला तर मोकळी गाडी टोल भरीत परतणार. परतीचा माल कोणापाशी आहे हे दलालाला ठाऊक असते, गाडीवाल्याला नसते. म्हणून तो पडेल दराने भरतो, आणि त्याने एकदा तो दर घेतला की तोच उद्याचा बाजारभाव ठरतो. हप्ता थकला तर गाडी जाते. भाडे कमी पडले म्हणून तो प्रथम कशात काटकसर करतो? झोपेत, मग टायरांत, मग क्लीनरच्या पगारात. शेवटी क्लीनरच काढून टाकतो.

कायद्याने याची दखल घेतली होती काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच लागू होता. गाड्या जितक्या विखुरल्या, तितका कायदा निकामी झाला. पुढे २०२० च्या संहितेत तो विलीन करण्यात आला. याउलट भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) कलमात अपघात न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली गेली, तेव्हा २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी चालक चाके थांबवून रस्त्यावर उतरले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि चालक नावाचा मनुष्य या देशात आहे, हे दोन दिवस सर्वांना आठवले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, पण ते उपकलम बाजूला ठेवावे लागले.

आता याच ट्रकवर पोते चढवणाऱ्या हमालाकडे पाहावे. त्याचीही स्थिती हीच होती: मालक अनेक, काम अनिश्चित, जबाबदार कोणीच नाही. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ यांनी तो प्रश्न लावून धरला. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. काम देणाऱ्याने नोंदणी करावी, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावी, आणि भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा यांची तरतूद मंडळाने करावी, अशी ही योजना. मालक बदलत राहिला तरी कामगाराचे हक्क हरवू नयेत, हे तिचे मर्म आहे. ज्या गाडीच्या फाळक्याशी हमालाला हे संरक्षण मिळू शकले, त्याच गाडीच्या स्टिअरिंगशी ते पोचले नाही. याचे एक कारण असे की एक गाडीवाला स्वतःला कामगार समजत नाही. तो मालक आहे असे त्याला कर्ज देणाऱ्याने सांगितले आहे आणि पाठीमागच्या फाळक्यावर त्याने ते रंगवूनही घेतले आहे.

दुसरा मार्ग सहकाराचा. हिमाचल प्रदेशात बरमाणा व दाडलाघाट येथील सिमेंट कारखान्यांचा माल स्थानिक ट्रकमालकांच्या सहकारी संस्था नेतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये भाड्याच्या वादात कंपनीने कारखानेच बंद केले. दोन महिन्यांहून अधिक काळ गाड्या उभ्या राहिल्या. शेवटी दर काहीसा उतरवावा लागला. तो विजय नव्हता. परंतु भाडे ठरवताना सरकार व कंपनी यांच्यासमोर गाडीवाले एक होऊन बसले होते. जुन्नर-आंबेगाव भागात सहकार अपरिचित नाही. साखर कारखाने, सोसायट्या, पतसंस्था, दूधसंस्था यांच्या पाट्या पावलोपावली आहेत. पाण्याचे, उसाचे, दुधाचे येथे सहकारी राजकारण झाले. वाहतूक मात्र कंत्राटावर राहिली, कारण वाहतुकीची कंत्राटे हीच त्या राजकारणातील बक्षिसे होती. ही गोष्ट अप्रिय असली तरी कार्यकर्त्यांनी ती बोलली पाहिजे.

कामाला आरंभ कोठून करावयाचा, यावर मतभेद होऊ शकतात. गाड्या सामाईक करण्यापासून तो करू नये. गाडी हा माणसाच्या अभिमानाचा विषय आहे आणि पहिल्याच बैठकीत फूट पडेल. आरंभ बुकिंगपासून व्हावा. आळेफाट्याला एक सामाईक नोंदवही, पाळीने भरणी, परतीच्या मालाची सर्वांना खबर, आणि संस्थेच्या नावाची बिल्टी. २००७ च्या रस्तेमार्गे वहन कायद्यानुसार वाहक म्हणून नोंदणी संस्थेलाही करता येते. उधारीच्या तीन महिन्यांसाठी पैसा लागेल. पतसंस्थांकडे ठेवी आहेत, त्या कोणाला कर्जाऊ जातात हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे. शेतकऱ्यालाही या संस्थेत सभासद करून घ्यावे लागेल, कारण भाडे वाढले की गाडीवाला खूश व शेतकरी नाराज, हा झगडा खराच आहे आणि तो लपवून संस्था चालणार नाही. दलालाच्या हाती राहणारी रक्कम दोघांसमोर मांडली गेली, म्हणजे तरी तो झगडा कोणाशी आहे हे दोघांना दिसेल.