नगाचा भाव आणि डोळ्यांची किंमत
(घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरातील भाषण)



तुमच्यापैकी कुणी बिड्या वळते, कुणी पापड लाटते, कुणी शर्टाला काजी-बटणे करते. सगळ्यांचा हिशेब नगावर. आज मी अशाच एका परक्या नगाची गोष्ट सांगणार आहे.

हौसेने मासे धरणारे लोक गळाला खऱ्या किड्याऐवजी पिसे, केस आणि दोरा बांधून केलेले खोटे आमिष लावतात. हे नाजूक काम आजही हातानेच होते. जुन्या नमुन्यांत डोळ्याच्या जागी रानकोंबड्याच्या मानेचे चकचकीत पीस असे. हाच राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स नावाची बाई होती. ती बायकांच्या टोप्या बनवायची, म्हणून पिसे हाताळायची सवय होती. १९२४ च्या जुलैत स्वतः बांधलेल्या आमिषावर तिने सुमारे ३ किलोचा ट्राउट धरला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले आणि मागणी सुरू झाली. नवरा मासेमारीला आलेल्या पाहुण्यांचा वाटाड्या, त्यामुळे गिऱ्हाईक दारातच. प्रत्येक आमिषाच्या डोक्याशी ती रंगीत दोऱ्याची बारीक पट्टी गुंडाळायची. ती तिची सही. माल कुणाच्या हातचा, हे घेणाऱ्याला कळत असे.

दुसरी मेगन बॉइड, उत्तर स्कॉटलंडमधली. समुद्राकाठच्या छोट्या घरात, अनेक वर्षे विजेशिवाय, ती सामन माशासाठी आमिषे बांधत राहिली. राजघराण्यातले लोक तिचे गिऱ्हाईक होते. १९७१ मध्ये तिला सरकारी पदक मिळाले. अखेर नजर अधू झाली आणि काम सुटले. तिच्या नगाच्या भावात डोळ्यांचा आकडा कुठे होता?

आता आपण हिशेब मांडू या. समजा, एका नगाला २० रुपये मिळतात आणि सामान ६ रुपयांचे. उरले १४. बांधायला २० मिनिटे, म्हणजे तासाला ३ नग, ४२ रुपये. ठीक वाटते ना? पण पिसे निवडणे, धुणे, जोड्या लावणे, बाजारात जाणे, यात आणखी अर्धा तास जातो. दीड तासाला ४२, म्हणजे तासाला २८. आणि ३ पैकी १ नग व्यापाऱ्याने नापास केला तर? ४० रुपये आले, सामान १८ चे गेले. दीड तासात २२. तासाला १५ सुद्धा नाहीत!

भाव तोच, २० रुपये. मजुरी मात्र ४२ वरून १५ च्या आत आली. बिडीचे पान भिजवणे, कापणे कोण मोजते? नापास बिड्या कुणाच्या पदरात पडतात? ‘बायका रिकाम्या वेळात करतात’ असे म्हणणाऱ्याला हा सगळा वेळ फुकट हवा असतो.

१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक १७७ केला. मोबदल्यातही त्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असे तो सांगतो. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. तो लढा लांबचा आहे, पण सुरुवात आपल्या हातात आहे.

आठवडाभर एक वही घाला. तयारीचा वेळ, नापास नग, दिव्याचे बिल, चष्म्याचा खर्च, सगळे लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीला वह्या आणा. मग व्यापाऱ्याकडे एकेकटीने नको, सगळ्या मिळून जाऊ.