टिंबाची किंमत

(नोएडातील मराठी कुटुंबांच्या मासिक बैठकीत बचतीविषयी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीला एक विनंती. पर्समध्ये, खिशात जी चिल्लर असेल ती बाहेर काढा आणि नाण्यावरच्या सालाच्या खाली नीट बघा. शंकरपाळ्यासारखी खूण असेल, तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. आणि बारीक गोल टिंब असेल तर ते इथलंच, आपल्या सेक्टर १ मधल्या टांकसाळीतलं. ही टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली आणि देशातली स्टेनलेस स्टीलची नाणी पहिल्यांदा इथेच पडली.

म्हणजे टिंब ही फक्त कारखान्याची खूण आहे. अशी टिंबवाली नाणी घरोघरी पडून आहेत. तरीही मोबाइलवर जाहिरात येते, ‘सालाखाली टिंब असलेलं नाणं आहे? लाखो रुपये मिळवा!’

आमच्या इमारतीत एक ताई शिवणकाम करतात. त्यांना जुन्या डब्यात गेंड्याचं चित्र असलेलं २५ पैशांचं नाणं सापडलं. खाली टिंब होतं. जाहिरातीतल्या नंबरवर त्यांनी फोटो पाठवला. तासाभरात उत्तर आलं, ‘तीन लाखांना घेतो.’ मग नोंदणीसाठी १,५०० रुपये मागितले. ते भरल्यावर जीएसटीचे ६,२०० आणि शेवटी ‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे’ १२,८००. सोबत बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही आलं. एकूण २०,५०० रुपये गेले. भिशीचे पैसे होते ते. पुढे तो नंबर लागलाच नाही.

मी विचारलं, ‘ताई, शंका नाही आली?’ त्या म्हणाल्या, ‘नाणं तर माझ्याकडेच होतं. वाटलं, माझं काय जाणार?’

मंडळी, हा खेळ इथेच फसवतो. आपण नाणं सांभाळत बसतो आणि समोरच्याला नाणं नकोच असतं. म्हणून एकच गोष्ट गाठीला बांधा : विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, कर, विमा, कुरिअर, कुठल्याही नावाने आधी पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणाला, तरीही थांबवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीरच केलं आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कसलंही शुल्क घेत नाही आणि आपल्या नावाने वसुली करायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

आता कुणी विचारेल, मग जुन्या नाण्याला किंमत नसतेच का? असते. पण ती तीन गोष्टींवर ठरते : तशी नाणी किती उरली आहेत, आपलं नाणं किती चांगल्या स्थितीत आहे आणि ते हवं असणारे संग्राहक किती आहेत. नुसतं जुनं असणं पुरत नाही. २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण त्याआधी ते भरमसाट पडले होते. वैष्णोदेवीचं २०१२ सालचं पाच आणि दहा रुपयांचं नाणं चलनासाठीच काढलेलं आहे. बाजारात त्याची किंमत पाच आणि दहा रुपयेच. आपली तांब्याची शिवराईही शिवाजी महाराजांनंतर कितीतरी वर्षं पडत राहिली, म्हणून साधी शिवराई आजही माफक किमतीत मिळते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र फारच दुर्मीळ. तो कुणी चार-पाच हजारांत देत असेल, तर ती नक्कल आहे हे ओळखा.

खरं-खोटं कसं ओळखायचं? पहिली कसोटी सालाची. नोएडाची टांकसाळ १९८८ ची. मग कुणी १९५० सालचं ‘नोएडा टांकसाळीचं दुर्मीळ नाणं’ विकत असेल तर? त्या काळी ही टांकसाळ नव्हतीच. राम, सीता, हनुमान छापलेले १८१८ सालचे ‘ईस्ट इंडिया कंपनीचे अर्धे आणे’ असेच. कंपनीच्या सगळ्या मुलखाला एकसारखी नाणी १८३५ नंतर मिळाली. हे रामदरबारी तुकडे कंपनीचं चलन नव्हेत.

दुसरी कसोटी वजनाची. राणी व्हिक्टोरियापासून पंचम जॉर्जपर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९२ टक्के चांदीचा असतो. झिजलेला थोडा कमी भरेल, पण नऊ-दहा ग्रॅम भरला तर शंका घ्या. चांदीला लोहचुंबक लागत नाही. ‘चांदीचं’ नाणं चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. मात्र १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, म्हणून साल बघितल्याशिवाय भाव करू नका.

तिसरी कसोटी डोळ्यांची. खरं नाणं ठशाने दाबून पाडलेलं असतं, त्याची अक्षरं रेखीव असतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर बारीक खड्डे दिसतात, अक्षरं गुळगुळीत होतात आणि कडेला जोड दिसतो. आणखी एक, जुनं नाणं चिंचेने घासून लख्ख करू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी पैसे देतात.

आता ऑनलाइन लिलाव. वेबसाइटवर ‘दोन लाख’ लिहिलेलं असतं, ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते, कुणी दिलेली नव्हे. मागायला काय, कुणी काहीही मागावं! तसलं नाणं आधीच्या लिलावांत प्रत्यक्ष कितीला गेलं ते शोधा. ‘दहा मिनिटंच उरली’ अशी घाई असेल, फोटो धूसर असेल, वजन आणि व्यास दिलेला नसेल, नाणं परत घेण्याची लेखी अट नसेल, तर बोली लावू नका. विकणाराच दुसऱ्या नावाने बोली वाढवत नेतो, असेही प्रकार होतात. बोलीवर कमिशन आणि कर किती, हे आधी वाचा.

कायद्याचंही भान ठेवा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परस्पर परदेशी पाठवता येत नाही. ‘दुबईचा गिऱ्हाईक’ सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर ती कलेक्टरला कळवावी लागतात.

नाण्यांची आवड मात्र जरूर जोपासा. गावी जाताना नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा. अस्सल नाणी पाहून डोळा तयार झाला की नकली आपोआप खटकतं. नव्या स्मारक नाण्यांचे संच हवे असतील तर सरकारी टांकसाळीकडूनच घ्या. पण तो छंदाचा खर्च समजा. मुलीच्या शिक्षणाचे पैसे नाण्यांत अडकवू नका.

शेवटी, कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, मेसेज आणि पावत्या पुसू नका. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या ताईंनी सांगितलं ते सव्वा महिन्याने, घरचे काय म्हणतील या भीतीने. म्हणून आज घरी गेल्यावर सासूबाईंना, आईला, कामाला येणाऱ्या मावशींना नाण्यावरचं ते टिंब दाखवा. ते कशाचं आहे, हेही सांगा.